शाळेचं अंतर जुलैत मोजा

शिक्षण हक्काच्या नियमांत घर ते शाळा हे अंतर दोन आकड्यांत बसवलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १ किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीच्या मुलाला ३ किलोमीटरच्या आत. हे अंतर कोणत्या महिन्यात मोजायचं, ते मात्र कुठंच लिहिलेलं नाही. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, वाडीतून खाली गावठणातल्या शाळेत एप्रिलमध्ये एखादं पोर वीस मिनिटांत उड्या मारत येतं. जुलैत त्याच पाणंदीतून गुडघाभर पाणी वाहतं, दोन पऱ्हे भरलेले असतात आणि व्हाळावरच्या साकवाची, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाची, एक बाजू मागच्याच पावसात खचलेली असते. नकाशावर दोन्ही महिन्यांत अंतर तेवढंच.

कमी पटाच्या शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिळवायच्या की वाडीतच चालू ठेवायच्या, हा वाद गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा उठतो आहे, आणि कोकणात तो सगळ्यांत जास्त टोचतो. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पंधरा हजारांच्या आसपास असल्याचं खुद्द शिक्षण खात्याच्या आकडेवारीत आलं होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा शाळा जागोजाग दिसतात, आणि त्याचं पहिलं कारण गावाच्या ठेवणीत आहे. घाटावरचं गाव एका जागी दाटीनं बसलेलं असतं. मधोमध शाळा बांधली की सगळी पोरं पाच मिनिटांत पोचतात. कोकणातला गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या: वरची, मधली, खालची, बौद्धवाडी, गुरववाडी, खाडीकाठचा मोहल्ला, सड्यावरचा धनगरवाडा. ग्रामपंचायत एक, ग्रामदेवता एक, पण पावसाळ्यात एका वाडीतून दुसरीत जाणं हा अर्ध्या दिवसाचा उद्योग.

म्हणून १९६२ साली जिल्हा परिषदा आल्यानंतरच्या दशकांत वाडीवाडीला शाळा झाल्या. कुणी बक्षीसपत्रानं जागा दिली, वाडीनं श्रमदानानं चिरे वाहिले, मुंबईच्या मंडळानं कौलांचे पैसे धाडले. पुढे सन २००० नंतर जिथं तेही झालं नव्हतं तिथं वस्तीशाळा आल्या. मग त्याच मुंबईनं पोरं नेली. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ वरून १६ लाख १५ हजार ६९ वर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर. महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे आटत होते. जी पोरं या वर्गांत बसायची, ती आता विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूरच्या शाळांत बसतात आणि गणपतीला वाडीत येतात. त्यामुळे पट का घटला, याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणं हा शुद्ध आळस आहे. काही पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या व्हॅननं तालुक्याला जातात हेही खरं, पण ती व्हॅन डांबरी रस्त्यापर्यंतच येते. सड्यावरच्या वाडीचा पट तिनं नेलेला नाही.

आता हा पट शिक्षकसंख्येत कसा बदलतो ते पाहू, कारण सगळी गोम तिथं आहे. प्रत्येक शाळेला यूडायस या सरकारी शाळानोंदणीचा अकरा आकडी क्रमांक असतो. दर वर्षी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते, तीही आधार वैध झालेल्या मुलांचीच. त्यावरून संचमान्यता निघते, म्हणजे कोणत्या शाळेत किती शिक्षक मंजूर, याचा तक्ता. मंजूर पदांपेक्षा जास्त शिक्षक असतील तर ते ‘अतिरिक्त’ ठरतात आणि त्यांचं समायोजन होतं, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवतात. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ९० पर्यंत ३, १२० पर्यंत ४ असा हिशेब आहे. म्हणजे मुलं ५ असोत की ६०, शिक्षक दोन. कायदा करणाऱ्यांनी इथं शहाणपण दाखवलं होतं: एका माणसानं पाच इयत्ता सांभाळू नयेत, एवढा तरी विचार त्यात आहे.

गळती सुरू होते ती खाली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं निकष आवळले. सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुलं असतील तर शिक्षकच मंजूर होत नाही, अशी पाळी आली आणि शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमकं शिक्षकदिनी, वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक पद कंत्राटी तत्त्वावर भरायचं ठरलं. त्याच महिन्यात वीसचे दहा झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयच मागे घेतला गेला. सहा महिन्यांत दोनदा फिरलेला निर्णय कोणत्या अभ्यासावर उभा होता, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

पटाच्या या यंत्रात एका पोराचं आधारकार्डही जीवघेणं ठरतं. मुंबईहून परत आलेल्या कुटुंबातल्या मुलाच्या आधारवर बापाचं नाव एक, दाखल्यावर दुसरं. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटसुलट. पोर्टल त्याला अवैध ठरवतं. पोर रोज वर्गात बसतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण संचमान्यतेच्या लेखी ते नसतंच. मोठ्या शाळेत अशी दोन नावं गळली तर काही बिघडत नाही. पट एकवीसवरून एकोणिसावर येणार असेल तर मात्र बिघडतं. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गुरुजी वर्गात कमी आणि तालुक्याच्या आधार केंद्राच्या रांगेत जास्त असतात.

शिक्षक मंजूर होणं आणि वर्गात असणं यातही अंतर आहे. कोकणात नोकरीला लागलेले बरेच शिक्षक घाटावरचे, मराठवाड्यातले. त्यात त्यांचं काही चुकत नाही; जागा निघाल्या तिथं ते आले. पण आंतरजिल्हा बदलीचं दार उघडलं की ते आपल्या गावाकडं जाणार, आणि त्यांनी जावंही. मागं रिकामी राहते ती शाळा. मग शेजारच्या शाळेतला एक शिक्षक ‘कामगिरीवर’ पाठवला जातो, म्हणजे एका द्विशिक्षकी शाळेचं पांघरूण ओढून शून्यशिक्षकी शाळेचे पाय झाकायचे. स्थानिक डीएडधारक शिक्षकभरतीत प्राधान्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत आले आहेत. त्यांच्या मागणीकडं प्रांतवाद म्हणून पाहण्याऐवजी शाळेच्या बाजूनं पाहिलं तर ती रास्त दिसते. ज्याचं घर तालुक्यातच आहे, तो बदलीचा अर्ज हातात घेऊन जूनमध्ये वर्गात शिरत नाही.

छोट्या शाळांची तरफदारी करणारे एक गोष्ट सोयीस्कर विसरतात: छोटी शाळा आपोआप चांगली होत नाही. ८०० तासांचा हिशेब मांडून पाहा. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक आहे, म्हणजे दिवसाला ४ तास, २४० मिनिटं. शिक्षक एक आणि इयत्ता पाच असतील, आणि प्रत्येक इयत्तेला तो वेगवेगळं शिकवत असेल, तर एका इयत्तेच्या वाट्याला रोज ४८ मिनिटं येतात. त्यात मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास. उरलेले तीन तास बारा मिनिटं पोरं ‘शुद्धलेखन लिहा’ या आज्ञेवर काढतात. शिक्षक दोन असले, एकाकडं पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडं तिसरी ते पाचवी, तर खालच्या वर्गांना १२० आणि वरच्यांना ८० मिनिटं मिळतात. दोघांपैकी एक केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला, मतदारयादीच्या कामाला किंवा बँकेत गेला की पुन्हा ४८. शिवाय चौथीत एकच मुलगी असेल तर तिनं कोणाशी बोलत शिकायचं? वादाला, स्पर्धेला, रुसव्या-फुगव्याला वयाचं माणूस लागतं. नऊ पोरांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, हेही काही क्षुल्लक नाही.

या ४८ मिनिटांवर उतारा आहे, आणि तो कुणाला नवा नाही. त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. इयत्तांच्या भिंती काढून मुलांचे गट त्यांना काय येतं त्यावर करायचे. पहिली वीस मिनिटं सगळे एकत्र: गोष्ट, गप्पा, परिसरातला एखादा विषय. पावसाळा असेल तर भाताची लावणी, चढणीचे मासे. त्यानंतर एक गट शिक्षकापुढं बसतो, दुसरा कार्डांवरचं काम स्वतः करतो, तिसऱ्यात मोठं मूल लहानाला वाचून दाखवतं. गणिताला नारळाच्या झावळीचे हीर हवेत: सुटा हीर म्हणजे एकक, दहा हिरांची सुतळीनं बांधलेली जुडी म्हणजे दशक, अशा दहा जुड्यांचा भारा म्हणजे शतक. ‘बेचाळीसमधून सतरा वजा कर’ म्हटल्यावर पोराला एक जुडी सोडावीच लागते. हातचा घेणं म्हणजे काय ते त्याच्या बोटांना कळतं. पहिलीतलं पोर जुड्या बांधतं, दुसरीतलं सोडून वजाबाकी करतं, तिसरीतलं भाऱ्यांनी तीन अंकी संख्या मांडतं. साहित्य तेच, वेळ तोच, शिक्षक एकच. इथं २४० मिनिटं खऱ्या अर्थानं सगळ्यांच्या वाट्याला येतात.

आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी अशी कार्डांची आखणी केली. तिच्यातून तमिळनाडूनं कृतियुक्त अध्ययन घेतलं आणि शेजारच्या कर्नाटकानं ‘नली कली’ नावानं पहिली ते तिसरीचे वर्ग एकत्र बसवले. सावंतवाडीहून आंबोली चढून चंदगड तालुका ओलांडला की हे राज्य लागतं, काही समुद्रापार जायला नको. आपल्याकडं डाएटच्या, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या जिल्हा संस्थेच्या, प्रशिक्षणात बहुवर्ग अध्यापनाचा एखादा घटक उरकला जातो. पाठ्यपुस्तकं, मूल्यमापनाच्या तारखा आणि पोर्टलवरच्या नोंदी मात्र सगळ्या इयत्तानिहाय. शिक्षकानं वर्ग एकत्र घेतला तरी कागदावर तो वेगळाच दाखवावा लागतो. ज्या जिल्ह्यांत बहुतेक प्राथमिक शिक्षक आयुष्यभर एकापेक्षा जास्त इयत्ता शिकवणार आहेत, तिथं हे कौशल्य जोडपान म्हणून शिकवायचं, याला नियोजन म्हणत नाहीत.

पैशाच्या बाजूनं शाळांच्या समायोजनाचं, म्हणजे त्या एकत्र करण्याचं, समर्थन होतं तेव्हा दोन आकडे तपासून घ्यावेत. एक, वाचतं काय? शाळा बंद केली तरी शिक्षक कायम नोकरीत आहे. तो दुसऱ्या शाळेत जातो, पगार तोच. बचत होते ती त्याच्या निवृत्तीनंतर पद न भरल्यानं. म्हणजे ‘शाळा एकत्र करणं’ या शब्दांमागं ‘पदं गोठवणं’ हा व्यवहार आहे. तो करायचा असेल तर तसं सरळ सांगावं. दुसरा आकडा आठ पोरांच्या पोषण आहाराचा. माणशी १०० ग्रॅम तांदूळ म्हणजे ८०० ग्रॅमचा भात. त्यावर डाळ, भाजी, तेल, इंधनासाठी मे २०२५ पासूनच्या दरानं मुलामागं ६ रुपये ७८ पैसे, म्हणजे आठ जणांचे रोजचे ५४ रुपये २४ पैसे. मोठ्या शाळेत याच दरात पातेल्याला बरकत येते. आठ जणांसाठी भाजीची एक जुडी आणि फोडणीचं तेल घेतलं की पैसे संपतात. रांधणाऱ्या बाईला महिन्याला २,५०० रुपये मानधन. परसातली शेवग्याची शेंग, अळू, भोपळा ती घरून आणते म्हणून ते चालतं. छोट्या शाळेची खरी आबाळ अशी दरमाणशी दरांत आहे. केंद्राच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतून शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचंही तेच: ३० पर्यंत पट असेल तर निकषानं वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००. पण मंगलोरी कौलाला पोरं मोजता येत नाहीत. निसर्ग वादळात जून २०२० मध्ये दापोली-मंडणगडकडची छपरं उडाली, ती पट पाहून उडाली नव्हती.

मग दोन टोकं दिसतात. एका टोकाला ‘एकही शाळा बंद होऊ देणार नाही’ ही घोषणा, दुसऱ्या टोकाला समूह शाळेचा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळांची मिळून एक मोठी शाळा करण्याचा, आराखडा. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही त्याची दाखवली जाणारी उदाहरणं. तोरणमाळचं यश खरं मानलं तरी ती निवासी व्यवस्था आहे. पोरांना तिथं रोज साकव ओलांडायचा नसतो. सहा वर्षांचं मूल वसतिगृहात ठेवायला कोकणातली आई तयार होणार नाही, आणि तिनं का व्हावं?

मला दिसणारी वाट सरकारच्याच कागदात दडलेली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं शाळेची रचना ५+३+३+४ अशी मांडली: तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा (अंगणवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी), मग तिसरी ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी ते बारावी. या चार टप्प्यांची चर्चा अभ्यासक्रमापुरती झाली. कोकणात ती जागांची चर्चा व्हायला हवी. पायाभूत टप्पा वाडीत. तिसरी ते पाचवी गावात. सहावी ते आठवी केंद्रात, शक्यतो हायस्कुलाला लागून. वय वाढेल तसं पोर उतरणीनं खाली येत जाईल. पाच-सहा वर्षांचं मूल व्हाळ ओलांडू शकत नाही. आठ वर्षांचं, दोन मोठ्या पोरांच्या सोबतीनं आणि धड साकव असेल तर, दोन किलोमीटर येऊ शकतं. अकरा वर्षांचं मूल एसटीत बसतं. यात शिक्षणशास्त्र फारसं नाही, पायांचं बळ आहे.

समजा, एका गावात पाच वाड्यांच्या पाच शाळा आहेत आणि प्रत्येकीत पहिली ते पाचवी मिळून नऊ मुलं. एकूण ४५. कायद्याच्या आजच्या हिशेबानं पाच शाळांना दहा शिक्षक. सगळ्यांना गावठणात एकत्र आणलं तर ४५ मुलांना दोन. माझ्या हिशेबानं पहिली-दुसरीची अठराएक मुलं वाडीतच राहतील, वाडीला एक शिक्षक, म्हणजे पाच. तिसरी ते पाचवीची सत्तावीसएक मुलं गावच्या शाळेत, दोन शिक्षक. आणि एक शिक्षक राखीव, कुणाची रजा असेल त्या दिवशी त्या वाडीत जाणारा. झाले आठ. दहापेक्षा कमी आणि दोनपेक्षा फार जास्त. पण प्रत्यक्षात दहापैकी किती पदं भरलेली असतात हे ध्यानात घेतलं, तर आठ भरलेली पदं हे आजच्या मानानं सुखच.

वाडीत चार पोरांना एक शिक्षक, ही चैन वाटेल. त्यासाठी अंगणवाडी त्याच इमारतीत आणायची. आज अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची, शाळा शिक्षण विभागाची; बऱ्याच ठिकाणी शाळेची एक खोली रिकामी आणि अंगणवाडी समाजमंदिराच्या ओसरीत. दोन्ही एका छपराखाली आल्या की तीन ते आठ वयाची दहा-बारा पोरं आणि दोन मोठी माणसं असा जिवंत वर्ग होतो. शिक्षक तालुक्याला गेला तरी सेविका असते, कुलूप पडत नाही. मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीतून पुस्तकी मराठीकडं मूल हळूहळू सरकायला जी पाच वर्षं लागतात, तीही सलग मिळतात. घरात ‘खंय’ म्हणणाऱ्या पोराला ‘कुठे’ लिहायचं असतं. सेविका बहुधा वाडीतलीच असल्यानं तिला दोन्ही येतं; घाटावरून आलेल्या गुरुजींना पहिली दोन वर्षं ते पोरांकडूनच शिकावं लागतं.

एखाद्या वर्षी वाडीत पहिली-दुसरीचं एकही मूल नसेल तर तिथला शिक्षक गावच्या शाळेत बसेल. वाडीची जागा त्या वर्षापुरती निजेल. शाळा बंद झाली असं होणार नाही. हा फरक कागदी नाही. आज एकदा यूडायस क्रमांक गोठला की पुढं तीन पोरं सहा वर्षांची झाली तरी शाळा उघडत नाही, प्रस्ताव फिरत राहतो. तोवर इमारतीचं काय होतं ते कोकणात कुणालाही सांगायला नको: पहिल्या पावसात दोन कौलं सरकतात, दुसऱ्यात रिपा कुजतात, तिसऱ्यात चिऱ्यांच्या भिंतीवर शेवाळ आणि आत झाडोरा.

उर्दू माध्यमाच्या शाळा या हिशेबात वेगळ्याच धराव्या लागतील. मोहल्ल्यातली शाळा जवळ आहे म्हणून मराठी शाळेत मिसळता येत नाही, आणि उलटंही. धनगरवाडा आणि बौद्धवाडीतल्या शाळांबाबत आणखी एक भान हवं: एकत्रीकरणात केंद्र नेहमी गावठणात ठरतं आणि सगळ्यांत लांबून चालायचं काम वर्षानुवर्षं त्याच पोरांकडं येतं. तिसरीपासूनची शाळा कोणत्या वाडीत ठेवायची हे ठरवताना ‘जिथं इमारत चांगली’ हा एकच निकष असेल, तर उत्तर आधीच ठरलेलं असतं. कारण इमारती कुणाच्या वाडीत चांगल्या झाल्या, त्यालाही इतिहास आहे.

सहावी ते आठवीची गुंतागुंत निराळी आहे. आपल्याकडची जुनी घडी पहिली ते चौथी, पाचवी ते सातवी, आठवी ते दहावी अशी. कायद्याची घडी पाचवीला आणि आठवीला मोडते. त्यामुळे पाचवी कुणाची आणि आठवी कुणाची, यावरून जिल्हा परिषदेची पूर्ण प्राथमिक शाळा आणि संस्थेचं अनुदानित हायस्कूल यांच्यात ओढाताण चालते, कारण दोघांचीही पदं त्याच पोरांवर उभी आहेत. सातवीपर्यंतच्या शाळेत तीन इयत्ता मिळून पंधरा मुलं आणि विज्ञान-गणिताचा शिक्षक नाही, अशा ठिकाणी भावनेला धरून बसण्यात अर्थ नाही. या वयाला विषय शिकवणारी माणसं लागतात. प्रयोगशाळेचं एक टेबल आणि खेळायला अकरा जण लागतात. इथं एकत्र येणं बरोबर आहे, आणि या वयाची पोरं पोचूही शकतात. फक्त एसटीचं पाहा. गावात येणारी वस्तीची गाडी संध्याकाळी मुक्कामाला येते आणि पहाटे सुटते. शाळा साडेदहाची. दुपारची फेरी भारमान नाही म्हणून बंद. पाचवीपासून मुलींना पास मोफत आहे, ही चांगली योजना. पण पास मोफत असून गाडीच नसेल तर मुलगी पायीच येणार, आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळी सहाला अंधारून आलेल्या वाटेवर गवा दिसला की तिचं शिक्षण कोणत्या इयत्तेवर थांबतं ते घरचे ठरवतात. दोडामार्गकडं तर हत्तीही आहेत.

वाहतूक भत्त्याचं उत्तर दिलं जातं. ‘समग्र शिक्षा’ योजनेत दूरच्या वस्तीतल्या मुलामागं वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. दहा महिन्यांवर पसरलं की महिन्याला ६००. वाडीतली पाच पोरं धरली तर ३,०००. लाल मातीच्या चढावर दिवसाला दोन फेऱ्या, सकाळी आणि संध्याकाळी, या पैशांत कोणता रिक्षावाला करील? पाच पोरांच्या आया मिळून महिनाभर त्याला विनवतील आणि ऑगस्टमध्ये तो चिखलाचं कारण सांगून येणं बंद करील. माणशी पैसे देण्याची पद्धत इथंही मार खाते. फेरीमागं पैसे द्या, आणि ते शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यात जूनमध्येच जमा करा. वर्ष संपताना येणारा भत्ता हा भत्ता नसतो, परतफेड असते, आणि ज्याच्याकडं आगाऊ पैसे नाहीत त्याचं पोर तोवर घरीच असतं.

या सगळ्या मांडणीत एक सापळा आहे आणि तो न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. वाडी-गाव-केंद्र ही रचना केली, आणि सगळ्यांना एकच यूडायस क्रमांक दिला, तर संचमान्यतेचं यंत्र ४५ मुलं पाहील आणि दोन शिक्षक देईल. पाच जागा आहेत हे त्याला दिसणारच नाही. धोरणातल्या शाळा-संकुलाच्या कल्पनेची मुळं १९६४-६६ च्या कोठारी शिक्षण आयोगापर्यंत जातात. पाच ते दहा किलोमीटरच्या परिघात एक माध्यमिक शाळा आणि तिच्याभोवती छोट्या शाळा, ही कल्पना वाईट नाही. पण पदांचा हिशेब आधी बदलल्याशिवाय संकुल केलं, तर ते समायोजनाचंच गोड नाव ठरेल. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी शासन निर्णयात ‘अध्यापनाची जागा’ हे एकक आणा, प्रत्येक जागेला किमान एक पद द्या, त्यावर मुलांच्या संख्येनुसार वाढीव पदं द्या, आणि मगच क्रमांक एकत्र करा. उलट्या क्रमानं केलं तर वाडीतली जागा पहिल्याच सप्टेंबरात जाईल.

दहावीच्या निकालात कोकण मंडळ दर वर्षी राज्यात पहिलं येतं. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२. त्याचं श्रेय वाडीतल्या शाळांना आहे असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण या पोरांची पहिली पाच वर्षं बहुतेक अशाच शाळांत गेली, आणि छोटी शाळा म्हणजे शैक्षणिक नुकसान असं घाऊक विधान करणाऱ्यांनी हा निकालही बाजूला ठेवून द्यावा हे बरं नाही.

राहता राहिलं अंतर. केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत एक तरतूद आहे जिच्याकडं फारसं कुणी पाहत नाही. जिथं भूभाग अवघड आहे, दरड किंवा पुराचा धोका आहे, रस्ता नाही, घरापासून शाळेपर्यंत यायला लहान मुलांना धोका आहे, तिथं हे किलोमीटर कमी करून शाळा द्यावी, असं तिचं म्हणणं. कोकणासाठीच लिहिल्यासारखी. तिचा वापर करायचा तर वाट कुणीतरी पायानं चालून पाहायला हवी, आणि ती जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. शाळा व्यवस्थापन समितीतले दोन पालक, केंद्रप्रमुख आणि ग्रामपंचायत अधिकारी, चौघांनी सहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन शेवटच्या घरापासून चालावं. कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात: लागलेली मिनिटं, ओलांडलेले पऱ्हे आणि व्हाळ, साकवाची अवस्था, दरडीच्या जागा, आणि वाटेवर घर नसलेला सगळ्यांत लांब टप्पा. या कामाला एक दुपार पुरते.

आता साकवाचं. शाळा शिक्षण विभागाकडं, साकव बांधकाम विभागाकडं. रत्नागिरीत काय किंवा सिंधुदुर्गात ओरोसला काय, दोन्ही कार्यालयं त्याच जिल्हा परिषदेची. तरीही समायोजनाच्या प्रस्तावात शाळेचा क्रमांक, पट, शिक्षकसंख्या, नव्या शाळेचं अंतर एवढेच रकाने असतात. त्यात वाटेवरच्या साकवासाठी एक रकाना घाला, आणि ‘नादुरुस्त’ लिहिलेला प्रस्ताव साकव होईपर्यंत पुढं सरकू देऊ नका.